सईच्या बेटासाठी, मॉरिशसहून

कात्र बोर्न, मॉरिशस

ती. आप्पा आणि आई यांना साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, सईला गोड पापा.

इथे सगळं ठीक आहे, तब्येत चांगली आहे, ऑफिसचं काम नेहमीसारखंच. थंडी सुरू झालीये. आई, तू दर वेळी विचारतेस ना की पाऊस लागला का, तर इथे जून-जुलै म्हणजे हिवाळा, सकाळी स्वेटर घालूनच बाहेर पडते मी, आणि उकाडा असतो तो डिसेंबर-जानेवारीत. घड्याळ मात्र फार लांब नाहीये, तुमच्यापेक्षा दीडच तास मागे, त्यामुळे तुमची आरती झाली की माझा चहा होतो.

परवा व्हिडिओ कॉलवर सईने तिच्या शाळेच्या प्रोजेक्टचा नकाशा दाखवला, स्वतःच्या मनाने एका ज्वालामुखी बेटाचा देश तयार करायचा, त्याचे डोंगर नद्या शहरं सगळं दाखवायचं, आणि तिने विचारलं की आत्या तू खऱ्याखुऱ्या ज्वालामुखीच्या बेटावर राहतेस तर मला सांग शहरं कुठे टाकू, तेवढ्यात नेटवर्क गेलं. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय. आप्पा, तुम्हीच वाचून दाखवा तिला, कारण यातला दगडाचा भाग तुमचा आहे, माझ्यापेक्षा तुम्ही जास्त चांगलं समजावाल.

सई, पहिलं काम म्हणजे खोडरबर घे आणि सगळी शहरं पुसून टाक. तू चार कोपऱ्यांत चार आणि मधे डोंगराखाली राजधानी टाकलीयेस, दिसायला छान दिसतं पण बेट असं चालत नाही. आधी दगड, मग वारा, मग पाऊस, मग पाणी कुठून वाहतं, मग जहाज कुठे शिरू शकतं, आणि एवढं झालं की शहरं आपोआप कुठे बसतात ते तुलाच दिसेल. मी इथे राहायला लागल्यापासून हेच बघतेय, इथल्या प्रत्येक गावाला ते जिथे आहे तिथे असण्याचं काहीतरी कारण आहे आणि बहुतेक वेळा त्या कारणाच्या तळाशी लाव्हा निघतो.

तर दगड. आप्पा, तुम्ही घाटात कटिंगच्या कामावर होतात तेव्हा संध्याकाळी डब्यातून पांढरे चमकणारे खडे आणायचात ना, काळ्या दगडाच्या पोकळीत सापडलेले, ते आम्ही खिडकीत मांडून ठेवायचो. इथे उसाची शेतं आहेत, बेटभर ऊसच ऊस, आणि शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, काही माणसाच्या दुप्पट उंच, काही ठिकाणी तर पायऱ्या पायऱ्यांनी नीट रचलेले. मी एका ढिगाजवळ उतरले आणि एक दगड उचलला. आपल्या काळ्या पाषाणाचाच भाऊ, फक्त अंगावर भोकंच भोकं, कडा इतक्या खरबरीत की बोटाला खरचटतं, आणि उन्हात धरला की आत बारीक हिरवे कण चमकतात. तुमच्या खड्यांसारखं पांढरं मात्र काही नाही, भोकं रिकामीच. कारण नंतर वाचलं, लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात तीच ही भोकं, आणि त्यांच्यात पाणी झिरपून झिरपून स्फटिक तयार व्हायला फार मोठा काळ लागतो, आपल्या सह्याद्रीला तो मिळाला आणि इथला दगड त्या मानाने अगदी कोवळा आहे.

आणि मी त्या दगडाला भाऊ म्हटलं ते उगीच नाही. पृथ्वीच्या पोटात खोलवर एक फार तापलेली जागा आहे, तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात, ती जवळजवळ एकाच जागी राहते आणि वरची जमीन सरकत जाते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भारत नेमका त्या जागेच्या वर होता, तेव्हा लाव्हाचे थरावर थर पडत गेले आणि त्यातनं दख्खनचं पठार झालं, आपला पसरणी घाट, पांडवगड, महाबळेश्वरचे कडे, सगळं त्यातलंच. मग भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात एकामागून एक खुणा राहिल्या, लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खाली बुडालेले जुने ज्वालामुखीच आहेत. सई, आजी जाळावर पापड भाजताना तो हळूहळू सरकवते आणि डागांची ओळ उमटत जाते ना, तसं. मधल्या काळात समुद्राच्या तळाची भेग त्या जागेवरून सरकली, त्यामुळे मॉरिशस आता आफ्रिकेकडच्या प्लेटवर, म्हणजे सरकणाऱ्या जमिनीच्या दुसऱ्या तुकड्यावर येतं, पण आग तीच. मॉरिशसचे सगळ्यात जुने दगड ८०-९० लाख वर्षांचे आहेत. बहुतेक भूशास्त्रज्ञ आता हेच मानतात. मला हे कळलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत जागी होते, की मी घरापासून साडेचार हजार किलोमीटरच्या वर लांब आले आणि उभी आहे ती त्याच आगीतनं निघालेल्या दगडावर.

अजून एक गंमत, २०१७ साली शास्त्रज्ञांना इथल्या एका ज्वालामुखी दगडात झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण मिळाले, ते ३०० कोटी वर्षांपूर्वीचे! बेटाचं वय एवढंसं आणि पोटात कण एवढे जुने, म्हणजे लाव्हा वर येताना खाली बुडालेल्या एखाद्या जुन्या भूखंडाचा तुकडा खरवडून घेऊन आला, त्या तुकड्याला त्यांनी मॉरिशिया नाव दिलंय. सई, तुझ्या बेटाखाली पण असं काहीतरी दडवून ठेव, बाईंना आवडेल.

आता तू ठरवायचं की तुझा ज्वालामुखी जिवंत आहे की विझलेला, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. जिवंत कसा असतो ते बघायचं असेल तर आमचं शेजारचं बेट बघ, रियुनियन, इथून नैऋत्येला दोनशे किलोमीटरच्या आसपास, ते फ्रान्सचं आहे. तिथे पितों द ला फुर्नेझ नावाचा २६३२ मीटर उंच ज्वालामुखी जगातल्या सगळ्यात जास्त उसळणाऱ्यांपैकी एक. त्याचा लाव्हा पूर्वेच्या उताराने समुद्राकडे येतो, त्यामुळे त्या उतारावर वस्तीच नाही, आणि बेटाची राजधानी सेंट-डेनी एकदम उलट्या टोकाला, उत्तर किनाऱ्यावर. १९७७ साली लाव्हा नेहमीची वाट सोडून एका गावात शिरला, चर्चच्या दारापर्यंत आला, दोन बाजूंनी वळला आणि चर्च तसंच उभं राहिलं. २००७ साली तर एवढा मोठा उद्रेक झाला की शिखरावरचा खड्डाच शेकडो मीटर खाली खचला आणि लाव्हा समुद्रात जाऊन किनारा पुढे सरकला. म्हणजे ज्वालामुखी जिवंत ठेवलास तर राजधानी त्याच्या पायाशी अजिबात नको, डोंगराच्या दुसऱ्या बाजूला ने, आणि लाव्हाची एक बाजू मोकळी सोड.

मॉरिशसमध्ये आग विझलेली आहे, हजारो वर्षांत इथे काही उसळलेलं नाही. त्यामुळे इथे उलटं झालं, लोक सरळ ज्वालामुखीच्या मधोमध राहायला गेले. बेटाच्या कडेने डोंगरांचे तुटके तुटके तुकडे उभे आहेत, ते म्हणजे पूर्वीच्या एका प्रचंड ज्वालामुखीची उरलेली कड. फार उंच नाहीत, सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे आपल्या पाचगणीपेक्षासुद्धा बरंच खाली, पण सपाट उसातून एकदम सरळसोट उठतात त्यामुळे बघत राहावं असे दिसतात. पीटर बोथ नावाच्या डोंगराच्या टोकावर तर एक भलामोठा गोल दगड बसलाय, कुठल्याही वादळात अजून पडला नाही. त्याच्या शेजारच्या ल पूस डोंगरावर १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन चढला होता. मी पण चढले, वर गेलं की एका बाजूला राजधानी आणि बंदर पायाखाली, दुसऱ्या बाजूला पठार आणि पठारावरची शहरं, सगळा देश एका नजरेत. सई, तू आलीस की तिथेच नेणार तुला, नकाशा काढायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

आता वारा आणि पाऊस. हे आपल्या वाईच्या माणसाला वेगळं शिकवायला नकोच. महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि खाली आपल्याकडे येईपर्यंत त्या मानाने शिंतोडे. इथे तेच, फक्त दिशा उलटी. वर्षभर आग्नेयेकडून वारा येतो, ढग पूर्वेकडून चढतात, मधल्या पठारावर आपटतात आणि तिथेच रिकामे होतात, पठाराच्या काही भागात वर्षाला चार हजार मिलीमीटरपर्यंत पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये एवढा फरक. पठारावरच्या क्युरपीप शहरात छत्रीशिवाय निघायचं नाही, आणि तिथून तासाभरात पश्चिमेला उतरलं की कोरडं गवत, काटेरी झुडपं आणि मिठागरं. माझं कात्र बोर्न बरोब्बर मधे आहे, ना फार ओलं ना फार कोरडं, म्हणून मी इथे घर घेतलं.

आणि आता शहरं, सई, इथे नीट लक्ष दे. डच लोक १५९८ साली इथे उतरले ते आग्नेयेला, आज जिथे माहेबूर आहे त्या खाडीत. शिडाची जहाजं, वारा पाठीमागून, सुखाने आत यायची. पण बाहेर कशी पडणार, वारा तर तोंडावर! जहाजं अडकून बसायची. डचांनी १७१० मध्ये बेटच सोडलं (तोवर डोडो पण संपवून टाकले होते), मग १७१५ ला फ्रेंच आले, त्यांनी वायव्येचं बंदर धरलं, डोंगरांच्या आडोशाला, वारा अडलेला, आणि १७३५ पासून ला बूर्दोने नावाच्या गव्हर्नरने तिथे पोर्ट लुई उभं केलं. तीच आजची राजधानी. म्हणजे राजधानी कुठे असावी हे कोणा राजाने नाही, वाऱ्याने ठरवलं. माहेबूरला त्याच गव्हर्नरचं नाव आहे पण ते गाव मागे राहिलं, शांत, रंगीत होड्या, सोमवारचा बाजार. १८१० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांना आरमारी लढाईत हरवलं, त्याचं नाव पॅरिसच्या कमानीवर कोरलंय, पण त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी इंग्रज उत्तरेकडून उतरले आणि डिसेंबरमध्ये बेट घेऊन टाकलं, ते १९६८ पर्यंत.

बंदराचं अजून एक गुपित आहे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, जवळजवळ पूर्ण कडं, त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आत हिरवंनिळं उथळ पाणी. पण प्रवाळ गोड्या पाण्यात वाढत नाही. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे भिंतीत खिंड पडते, आणि जहाज शिरतं ते त्याच खिंडीतनं. म्हणून तुझ्या नकाशावर नदीचं मुख, भिंतीतली खिंड आणि बंदर हे तिन्ही एका रेषेत यायला हवं. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री म्हणून जागा आहे तिथे भिंतच नाही, लाटा सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळतात, तिथे उभं राहिलं की पायाखालची जमीन हादरते, आणि तिथे कोणी बंदर बांधलं नाही ते बरोबरच आहे.

मग पठारावर शहरं कशी आली? रोगामुळे. १८६७ च्या सुमारास मलेरियाची भयंकर साथ आली, पोर्ट लुईत हजारो माणसं गेली, ज्यांना जमलं ते लोक डास कमी असलेल्या थंड पठाराकडे पळाले. नुकतीच रेल्वे झाली होती, राजधानीतून पठारावर चढणारी, तिच्या एकेका स्टेशनभोवती गाव वाढलं, बो बासँ, रोझ हिल, कात्र बोर्न, वाकुआ, फिनिक्स आणि सगळ्यात वर क्युरपीप. आज हे एकाला एक लागून गेलेत, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं कळत नाही, आपल्या पिंपरी चिंचवडसारखं म्हणा. ती रेल्वे पुढे १९५६ मध्ये प्रवाशांसाठी बंद पडली, आणि आता त्याच जुन्या मार्गाच्या बऱ्याच भागावरून भारताच्या मदतीने बांधलेली मेट्रो धावते, २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत आली. मी रोज त्यातूनच एबेनला ऑफिसला जाते, एबेन म्हणजे पूर्वीचं उसाचं शेत, आता काचेच्या इमारती. क्युरपीपमध्ये घरांच्या मधोमध एक विझलेलं ज्वालामुखीचं तोंड आहे, त्रू ओ सेर्फ, साधारण तीनशे मीटर रुंद, आत खोल उतार, झाडी आणि तळाशी थोडं पाणी. सकाळी लोक त्याच्या कडेने जॉगिंग करतात, म्हाताऱ्या बायका गप्पा मारत फेऱ्या मारतात, पोरं सायकल चालवतात. ज्वालामुखीच्या तोंडाभोवती अख्खं शहर मॉर्निंग वॉकला जातं, सई, हे तू तुझ्या देशात नक्की टाक.

आप्पा, आता तुमच्यासाठी. शामारेलला एक जागा आहे तिथे जमिनीचे रंग आहेत, लाल, तपकिरी, जांभळा, पिवळट, एकमेकांत न मिसळता लाटांसारखे पडलेले. तोच काळा दगड उन्हापावसाने सडत सडत माती झाला, लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले, त्यांचे हे रंग. तुम्ही घाटात दाखवायचात ना, दोन काळ्या थरांच्या मधे तो लाल मातीचा पट्टा, तो पण तसाच, एक लाव्हा पडून गेल्यावर पुढचा यायच्या आत वरचा थर सडून लाल झालेला. मी तिथे उभी होते आणि सगळे फोटो काढत होते, मला सारखं वाटत होतं तुम्ही असता तर हात मागे बांधून खाली वाकून बघत बसला असतात आणि आम्हाला हलू दिलं नसतं.

आता ज्यासाठी खरं तर एवढं लिहावंसं वाटलं ते. त्या उसाच्या शेतातल्या दगडांच्या ढिगांचं. ते ढीग लोकांनी रचलेत. शेतात लाव्हाचे दगड इतके होते की ऊस लावायचा तर आधी एकेक दगड हाताने वेचून बाजूला करावा लागला. आधी ते काम आफ्रिकेतून, मादागास्करहून गुलाम करून आणलेल्या माणसांनी केलं. १८३५ मध्ये गुलामी बंद झाली, तोवर मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती, १८३४ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली तुकडी उतरली आणि पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसं आली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई, तिन्ही बंदरांतून. मुंबईहून आलेल्यांत आपले मराठी लोक, जास्त करून रत्नागिरीच्या बाजूचे. म्हणजे बघा, सह्याद्रीच्या पायथ्याची माणसं, लहानपणापासून त्या काळ्या दगडावर अनवाणी चाललेली, हजारो मैल समुद्र ओलांडून आली आणि इथे पण त्यांच्या हातात दगडच आला, त्याच आगीतला. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, त्या ढिगाजवळ उभं राहिल्यावर सुचलं आणि मग काही केल्या डोक्यातून जाईना.

पोर्ट लुईच्या बंदरावर त्यांच्यातली बहुतेक माणसं जिथे उतरली त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून जागतिक वारसा आहे. दगडी पायऱ्या आहेत, सोळा, बसाल्टच्या, म्हणजे त्याच काळ्या लाव्हाच्या दगडाच्या. तिथे उतरलेले मजूर त्या पायऱ्या चढून आत गेले, दोन दिवस तिथे ठेवायचे, नोंद व्हायची, मग मळ्यावर रवानगी. नोंदवही आणि नंतरच्या काळातले फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत. नोंदताना बापाचं किंवा आजाचं जे नाव लिहिलं गेलं तेच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे इथल्या मराठी माणसांची आडनावं म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची पहिली नावं, सखाराम, गोविंद, असली. तेवढ्यावरून गाव शोधायला निघालेले लोक मला भेटलेत आणि खूप वाईट वाटतं, कारण आडनाव नाही तर भावकी कशी सापडणार.

पण जे सांभाळलं ते एवढं सांभाळलंय की विचारू नका. पश्चिमेला कास्कावेल नावाचं गाव आहे, कोरड्या बाजूचं, मागे डोंगर पुढे ऊस, तिथे मराठी वस्ती जुनी. गणपतीत मी तिथे एका घरी गेले होते. दारात केळीचे खुंट, आत मखर, आणि सगळ्यांनी मिळून सुखकर्ता दुःखहर्ता म्हटली, चाल आपलीच, शब्द पाठ, आणि आरती संपल्या संपल्या सगळे क्रेओलमध्ये बोलायला लागले कारण रोजची भाषा तीच. मग पोरांनी गोल धरून नाच केला, त्याला झाकरी म्हणतात, कोकणातली जाखडीच ती, ढोलकीवर पाय तसेच पडतात. घरच्या आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला आणि हळूहळू, आठवून आठवून विचारलं, "तुझा गाव कुठला?" मी वाई म्हटलं. त्यांनी दोन वेळा ते नाव स्वतःशी म्हटलं आणि मग मला अजून एक मोदक वाढला. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी विसर्जन असतं आणि त्या दिवशी अख्ख्या देशाला सरकारी सुट्टी. मराठी माणसं देशात मूठभर, तरी सुट्टी सगळ्यांना. शाळांमध्ये मराठी हा विषय पण घेता येतो.

महाशिवरात्रीला तर याहून मोठं असतं. ग्रॉ बासँ म्हणजे गंगा तलाव, पठारावरच्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं, चोहीकडे जंगल, धुकं. तिथे बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक सजवलेल्या कावडी घेऊन पायी येतात, रात्रंदिवस, लाखोंनी. रस्त्याच्या कडेला इतर धर्माची माणसंही पाणी, सरबत घेऊन उभी असतात. १९७२ मध्ये आपल्या गंगेचं पाणी आणून त्या तळ्यात मिसळलं होतं. कडेला ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती आहे. आईला तिथे न्यायचंच आहे मला. ज्वालामुखीचं तोंड आणि त्यात तीर्थ, सई, असं काही तुझ्या बेटावर असेल तर ते मधे टाक आणि तिथे जाणारे पायरस्ते सगळ्या शहरांतून काढ.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे वादळ. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम, इशारे एक ते चार नंबरपर्यंत. १९६० मध्ये कॅरोल नावाच्या वादळाने लाकडापत्र्याची घरं साफ उडवली, तेव्हापासून सगळीकडे सिमेंटची, सपाट स्लॅबची घरं दिसतात. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहत होत्या, डोंगरांच्या कुशीत बसलेलं शहर, वारा अडतो पण पाणी सगळं तिथेच उतरतं. म्हणजे ज्या डोंगरांनी राजधानी दिली तेच पाणीही पाठवतात, नकाशात नाले विसरू नकोस. दुसरं म्हणजे देश एकाच बेटाचा नसतो. पूर्वेला साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज आहे, तेही ज्वालामुखीचं, छोटंसं, स्वतःचा कारभार स्वतः बघतं. उत्तरेला अगालेगा, तिथे भारताने धावपट्टी बांधून दिली. आणि चागोस, जे इंग्रजांनी १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, तोडून ठेवून घेतलं आणि तिथल्या सगळ्या माणसांना घराबाहेर काढलं, लष्करी तळासाठी. ती माणसं इथे पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की ते तोडणं बेकायदा होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आपलं बेट, आपली कबरस्तानं आठवतात. नकाशावर एक ठिपका पुसला की कोणाचं काय जातं ते इथे आल्यावर मला कळलं, म्हणून सई, तुझ्या देशाला लांबची बेटं दिलीस तर त्यांच्यावर माणसं पण दाखव आणि त्यांना बोटसेवा दे.

आई, खाण्याचं विचारू नकोस, मजेत आहे. इथे गाडीवर धोल पुरी मिळते, डाळ भरलेली पातळ पोळी, दोन एकावर एक ठेवून त्यात घेवड्याची भाजी, टोमॅटोची चटणी, लोणचं, कागदात गुंडाळून देतात, पुरणपोळीची तिखट बहीण. सकाळी बरेचदा तेच. तरी ज्वारीची भाकरी मिळत नाही ती नाहीच.

तर आता कामाचं. दादा, आई-आप्पांच्या पासपोर्टचं बघ, व्हिसाचं टेन्शन नाही, इथे उतरल्यावर मिळतो, परतीचं तिकीट लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगला, थंडी उतरलेली असते आणि वादळं अजून लांब असतात, गणपतीला आलात तर कास्कावेललाही जाता येईल. आईच्या गुडघ्यांना झेपेल असंच ठरवलंय, गंगा तलावापर्यंत गाडी जाते, त्रू ओ सेर्फच्या कडेलाही जाते, ल पूस मी आणि सई करू. आप्पा, येताना तुमच्या त्या खड्यांमधला एक लहानसा आणा, कास्कावेलच्या आजींना द्यायचाय. आणि वहिनी, गोडा मसाला अर्धा किलो, नीट पॅक करून.

सर्वांना नमस्कार.

तुमची,
माधुरी